बोर्दोची लाल वाइन एका द्राक्षावर का भागत नाही

१९६४ च्या शरदात, फ्रान्सच्या नैऋत्येकडील बोर्दो प्रदेशात द्राक्षांची तोडणी ऐन भरात आली असताना, ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात पावसाने ठाण मांडले. दोर्दोन्य नदीच्या उजव्या तीरावरच्या पोमरोल आणि सँ-तेमिल्यों या भागांत मेर्लो जातीची द्राक्षे तोवर बहुतांशी उतरवून झाली होती, आणि त्यांपासून झालेल्या वाइनची गणना आजही त्या दशकातील उत्तम वाइनमध्ये होते. जिरोंद खाडीच्या डाव्या तीरावरच्या मेदोकमध्ये मात्र उशिरा पिकणारी कॅबर्ने सोव्हिन्यों ही जात (पुढे नुसते ‘कॅबर्ने’) अजून वेलीवरच होती. जे बागायतदार थांबले होते, त्यांच्या हाती पाण्याने फुगलेले घड आले. वीस वर्षांनी, १९८४ मध्ये, नेमके उलटे घडले. फुलोऱ्याच्या दिवसांत हवा थंड आणि ओली राहिल्यामुळे मेर्लोची फुलगळ झाली, तिचे पीक जवळजवळ बुडाले आणि त्या वर्षीची वाइन मुख्यतः कॅबर्नेच्या बळावर निभावून न्यावी लागली.

बोर्दोची लाल वाइन अनेक जातींच्या द्राक्षांची का असते, याचे पहिले उत्तर या दोन वर्षांत सापडते. अटलांटिक महासागराच्या जवळ, सुमारे ४५ अंश उत्तर अक्षांशावर, एप्रिलमधले हिमदव आणि ऑक्टोबरमधला पाऊस यांच्यामध्ये सापडलेल्या शेतकऱ्याने सगळी बाग एकाच जातीची लावणे म्हणजे सगळे पीक हवामानाच्या हवाली करणे होते. मेर्लोला अंकुर लवकर फुटतात आणि ती कॅबर्नेच्या साधारण एक-दोन आठवडे आधी पिकते. त्यामुळे दव मेर्लोला झोंबते, तर उशिराचा पाऊस कॅबर्नेला. शेतीतली ही सावधगिरी पुढे चवीच्या कामी आली, कारण एका जातीत जे कमी पडते तेच दुसरीत भरपूर असते, आणि हा पूरकपणा थेट रेणूंच्या पातळीपर्यंत जातो. या वाइनच्या किमतीविषयी आणि १८५५ च्या प्रसिद्ध श्रेणीयादीविषयी खूप लिहिले जाते. माझ्या मते तिचे खरे आकर्षण या जुळणीत आहे.

जुळणीची सुरुवात जमिनीपासून होते. गारोन आणि दोर्दोन्य या दोन नद्या एकत्र येऊन जिरोंदची खाडी होते. डाव्या तीरावर नदीने वाहून आणलेल्या गोट्यांचे आणि वाळूचे जाड थर आहेत. त्यांतून पाण्याचा निचरा झपाट्याने होतो आणि दिवसा तापलेले गोटे उशिरा पिकणाऱ्या कॅबर्ने सोव्हिन्योंला हवी असलेली ऊब देतात. उजव्या तीरावरची चिकणमाती आणि चुनखडी तुलनेने थंड आणि ओल धरून ठेवणारी आहे. तिथे कॅबर्ने पिकायला कुचराई करते, मेर्लो मात्र निश्चिंतपणे पिकते. बोर्दो विद्यापीठात झेरार सेगँ यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दाखवून दिले की इथल्या उत्तम बागांचे रहस्य मातीतील एखाद्या खास खनिजात नसून वेलीला पाणी किती आणि केव्हा मिळते यात आहे. मणी रंगू लागण्याच्या सुमारास पाण्याची थोडी ओढ बसली की फांद्यांची वाढ थांबते, मणी लहान राहतात आणि रसाच्या मानाने सालीचे प्रमाण वाढते. पाण्याचा ताण देणे म्हणजे काय, हे नाशिक-सांगलीच्या बागायतदाराला वेगळे सांगायला नको.

या जाती परक्या नाहीत. एकमेकींच्या सख्ख्या नात्यातल्या आहेत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील प्रयोगशाळेत कॅरोल मेरेडिथ आणि जॉन बॉवर्स यांनी डीएनए तपासून १९९७ मध्ये प्रसिद्ध केले की कॅबर्ने सोव्हिन्यों ही कॅबर्ने फ्राँ हे काळे द्राक्ष आणि सोव्हिन्यों ब्लाँ हे पांढरे द्राक्ष यांच्या संकरातून जन्मली आहे. हा संकर कोणी मुद्दाम केलेला नव्हता, तो बागेत आपोआप झाला असावा. मेर्लोचा एक पालकही कॅबर्ने फ्राँच निघाला. दुसरा पालक बराच काळ सापडत नव्हता. अखेर ब्रिटनीत आणि शारांत भागातल्या खेड्यांत, घरांच्या दारांशी उरलेल्या काही वेलींवरून तो ओळखला गेला आणि २००९ मध्ये ती ओळख जाहीर झाली. या विसरलेल्या जातीला आता माग्दलेन न्वार दे शारांत म्हणतात. ती जुलैच्या अखेरीसच पिकू लागते, आणि मेर्लोची लवकर पिकण्याची सवय तिच्याकडूनच आली असावी असे मानायला जागा आहे.

नात्याची एक खूण नाकाला कळते. कॅबर्ने फ्राँ, कॅबर्ने सोव्हिन्यों, मेर्लो आणि सोव्हिन्यों ब्लाँ या साऱ्या जाती मेथॉक्सिपायरझिन गटातील एक संयुग तयार करतात, ज्याचा वास हुबेहूब हिरव्या ढोबळी मिरचीचा असतो. ढोबळी मिरचीतही तोच रेणू असतो. एका लिटर पाण्यात त्याचे अवघे दोन नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे दोन अब्जांश, असले तरी माणसाच्या नाकाला ते जाणवते, आणि लाल वाइनमध्ये लिटरमागे पंधराच्या आसपास नॅनोग्रॅम झाले की हिरवट वास स्पष्टपणे येऊ लागतो. द्राक्ष पिकत जाते तसे हे संयुग कमी होते. म्हणून मेदोकमध्ये उन्हाळ्यात घडांभोवतीची पाने काढून त्यांना ऊन दाखवतात. थंड वर्षात कॅबर्नेचा हा हिरवटपणा पुरता जात नाही. त्या वर्षी आधी पिकलेली, पिकल्या आलुबुखाराच्या वासाची मेर्लो जास्त घेतली की तो मागे सरतो. मात्र तो पूर्णपणे नाहीसा झालेली वाइन मला बोर्दोची वाटत नाही. त्याचा पुसटसा अंश काळ्या मनुकांच्या आणि देवदाराच्या वासांमध्ये ताजेपणा राखतो.

जिभेवर काय घडते, ते याहून महत्त्वाचे आहे. द्राक्षाच्या साली आणि बिया यांत टॅनिन नावाची मोठी, साखळीसारखी जोडलेली संयुगे असतात. आपल्या लाळेत प्रोलिन या अमिनो आम्लाने समृद्ध अशी प्रथिने असतात आणि त्यांच्यामुळे तोंड आतून बुळबुळीत राहते. टॅनिन या प्रथिनांना चिकटतात, त्यांचे एकत्र गोळे होतात, वंगण कमी होते आणि जीभ टाळ्यावर घासू लागते. जांभूळ खाल्ल्यावर तोंड जसे आवळून येते, तसाच हा तुरटपणा असतो, आणि चवीइतकाच, किंबहुना चवीपेक्षा अधिक, तो स्पर्शाचा अनुभव आहे. म्हणूनच मांसाबरोबर किंवा चीजबरोबर ही वाइन मऊ लागते, कारण अन्नातील प्रथिने आणि स्निग्धांश टॅनिनला आधीच गुंतवून ठेवतात.

कॅबर्ने सोव्हिन्योंचे मणी बारीक, साल जाड आणि गर कमी असतो. तिच्यात टॅनिन आणि रंगद्रव्ये भरपूर असतात, आम्लताही चांगली असते, पण घोट तोंडात पसरत असताना मधेच काहीतरी रिकामे राहिल्यासारखे वाटते. मेर्लोचे मणी मोठे, साल पातळ आणि साखर जास्त असते. त्या साखरेचे अल्कोहोल होते आणि अल्कोहोलमुळे घोटाला गोलाई येते. कॅबर्ने फ्राँ थोड्या प्रमाणात सुगंध देते, विशेषतः व्हायोलेटच्या फुलांचा आणि ओल्या वनस्पतींचा. सर्वांत शेवटी पिकणारी पती व्हेर्दो तीन-चार टक्क्यांपुरतीच घेतली जाते, पण तेवढ्यानेही रंग गडद होतो आणि टॅनिनचा कणा ताठ होतो.

हे प्रमाण कोणत्याही पाककृतीत लिहिलेले नसते. प्रत्येक जातीचे, बागेच्या प्रत्येक तुकड्याचे, कधी कधी जुन्या आणि नव्या वेलींचे पीकही वेगवेगळ्या टाक्यांत आंबवतात. बऱ्याच ठिकाणी तोडणीनंतरच्या हिवाळ्यात बागेचे मालक, तळघरप्रमुख आणि बाहेरून आलेले वाइनतज्ज्ञ एकत्र बसून या साऱ्या नमुन्यांची चव घेतात, मोजनळीने प्रमाणे बदलून छोटी मिश्रणे करून पाहतात आणि मग त्या वर्षीचे मिश्रण ठरवतात. या क्रियेला तिथे असाँब्लाज म्हणतात. नापसंत टाक्या दुय्यम वाइनकडे वळवल्या जातात किंवा ठोकात विकल्या जातात. एखादी टाकी एकटी चाखली असता उत्तम लागते, पण मिश्रणात गेल्यावर बाकीच्यांना झाकून टाकते. तेव्हा तिला वगळण्याचा निर्णय घ्यावा लागतो, आणि हा निर्णय कोणतेही यंत्र घेऊ शकत नाही. मार्गो गावातील शातो पामे ही बाग मेर्लो आणि कॅबर्ने सोव्हिन्यों जवळजवळ समप्रमाणात लावते, जे डाव्या तीरावर विरळच आहे, आणि तिच्या वाइनचा मखमली पोत या निवडीला धरूनच आहे.

मिश्रणाआधीच्या एका पायरीचा उल्लेख आवश्यक आहे. यीस्टने साखरेचे अल्कोहोल केल्यानंतर ईनोकॉकस ईनी नावाचे जिवाणू वाइनमधील तीक्ष्ण मॅलिक आम्लाचे सौम्य लॅक्टिक आम्लात रूपांतर करतात. पूर्वी हे आपोआप, बहुधा वसंतात, कधी होई कधी न होई. बोर्दोचे वाइनशास्त्रज्ञ एमिल पेनो यांनी विसाव्या शतकाच्या मध्यात ही क्रिया समजून घेऊन नियंत्रणाखाली आणायला बागायतदारांना शिकवले, आणि द्राक्षे पूर्ण पिकू द्यावीत, सडकी निवडून टाकावीत, हा आग्रहही त्यांनी धरला. आज साध्या वाटणाऱ्या या गोष्टींनी बोर्दोची वाइन बदलून टाकली.

त्यानंतर वाइन २२५ लिटरच्या ओक लाकडाच्या पिंपांत, चांगल्या बागांमध्ये बहुधा बारा ते वीस महिने, मुरत राहते. लाकडातून व्हॅनिलाच्या आणि नारळाच्या वासाची संयुगे उतरतात, पण त्याहून मोलाचा असतो फटींतून झिरपणारा प्राणवायू. त्याच्यामुळे अल्कोहोलचे अगदी थोडे अ‍ॅसिटाल्डिहाइड तयार होते आणि ते टॅनिन व अँथोसायनिन या रंगद्रव्यांच्या मध्ये पुलासारखे बसून दोघांना जोडते. सुटे अँथोसायनिन चंचल असते. सामू, म्हणजे आम्लतेचे माप (pH), बदलला की त्याचा रंग पालटतो आणि काळाबरोबर ते विघटित होते. टॅनिनला जोडले गेल्यावर रंग स्थिर होतो. कॅबर्नेचे टॅनिन आणि मेर्लोचे रंगद्रव्य एकाच रेणूत गुंफले गेले की त्या दोन जाती वेगळ्या काढता येत नाहीत. बाटलीत ही घडण दशकानुदशके मंद गतीने चालू राहते. जांभळट लाल रंग विटकरी होत जातो, तुरटपणा मवाळ होतो, तळाशी गाळ बसतो आणि ताज्या फळांच्या वासाच्या जागी तंबाखू, चामडे आणि ओल्या मातीचे वास येतात.

या आस्वादात डोळ्यांचाही वाटा असतो. बोर्दो विद्यापीठात झिल मोरो, फ्रेडरिक ब्रोशे आणि दनी द्युबुर्द्यू यांनी वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना बोर्दोची पांढरी वाइन बिनवासाच्या रंगाने लाल करून दिली आणि २००१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला: विद्यार्थ्यांनी तिचे वर्णन लाल वाइनसाठी वापरल्या जाणाऱ्या शब्दांत केले. यावरून तज्ज्ञ खोटे ठरतात असे मला वाटत नाही. वास आणि दृष्टी मेंदूत एकमेकांवाचून काम करत नाहीत, एवढेच त्यातून दिसते. मात्र ही वाइन हृदयाला हितकर असते हा समज टिकणारा नाही. अल्कोहोलचे कोणतेही प्रमाण आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले आहे.

आजचे मिश्रण रोगांनीही घडवले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतून आलेल्या फायलोक्सेरा या किडीने मुळे खाल्ली आणि बागा अमेरिकी खुंटांवर कलमे करून पुन्हा लावाव्या लागल्या. पाठोपाठ केवडा हा पानांवर पडणारा बुरशीजन्य रोग आला. १८८२ मध्ये प्राध्यापक मियार्दे यांना सँ-झ्युलियँ गावात रस्त्याकडेच्या, चोरांना दूर ठेवण्यासाठी मोरचूद आणि चुना फवारलेल्या वेलींची पाने शाबूत दिसली. त्यातून १८८५ मध्ये पुढे आलेले औषध आपल्याकडे बोर्डो मिश्रण म्हणून केवड्यावर आजही फवारले जाते. पुनर्लागवडीत फळधारणेत कच खाणारी कार्मेनेर ही जात बोर्दोतून जवळजवळ नाहीशी झाली. पूर्वी चिलीत गेलेली तिची रोपे तिथे मेर्लो म्हणून वाढत राहिली आणि १९९४ मध्ये द्राक्षजातींचे फ्रेंच अभ्यासक झाँ-मिशेल बूर्सिको यांनी ती ओळखली. फेब्रुवारी १९५६ च्या कडाक्याच्या थंडीत माल्बेक मोठ्या प्रमाणावर मेली आणि अनेकांनी तिच्या जागी मेर्लो लावली.

आता तीच मेर्लो अडचणीत येत आहे. तापमान वाढल्यामुळे ती फार लवकर पिकते, साखर चढते, वाइनमधील अल्कोहोल वाढते आणि आम्लता उतरते. उलट पूर्वी क्वचितच पूर्ण पिकणारी पती व्हेर्दो आता बहुतेक वर्षी नीट पिकते. २०२१ मध्ये बोर्दो आणि बोर्दो सुपेरिअर या दोन नामांकनांत, म्हणजे नियमांनी बांधलेल्या वाइनच्या अधिकृत वर्गांत, आरिनार्नोआ, कास्तेत्स, मार्सेलाँ आणि पोर्तुगालची तुरिगा नासिओनाल या चार लाल जातींना प्रायोगिक परवानगी मिळाली. त्या बागेच्या पाच टक्क्यांहून अधिक क्षेत्रावर लावता येत नाहीत, मिश्रणात दहा टक्क्यांहून अधिक घालता येत नाहीत आणि बाटलीच्या लेबलवर त्यांची नावे छापता येत नाहीत.