जर्मनीला कंपनीच्या कामासाठी निघालात? आधी व्हिसा कोणता लागतो ते बघा

चाकण-भोसरीच्या कारखान्यांतून जर्मनीला जाणारे इंजिनिअर सरसकट म्हणतात, “कामासाठी चाललोय.” व्हिसाच्या अर्जात मात्र हा एक शब्द फार जपून वापरावा लागतो.

बैठका, वाटाघाटी, करारावर सह्या, हॅनोव्हरचं प्रदर्शन पाहणं, एवढंच असेल तर शेंगेन (युरोपातल्या बहुतेक देशांचा सामायिक, कमी मुक्कामाचा) बिझनेस व्हिसा पुरतो. जर्मन कंपनीत बसून तिचं रोजचं काम करायचं असेल, तर तो चालत नाही. पगार पुण्यातच जमा होत असला तरीही नाही. मधली वाट यंत्रांची. तुमच्या कंपनीने विकलेलं मशीन तिथे बसवून, चालू करून द्यायचं असेल, तर बारा महिन्यांत ९० दिवसांपर्यंत वेगळ्या मंजुरीशिवाय जाता येतं. पण काम सुरू होण्याआधी जर्मनीच्या रोजगार संस्थेला तसं कळवावं लागतं. निमंत्रणपत्रात ‘बिझनेस मीटिंग’ आणि बॅगेत टूलकिट, असं कृपा करून करू नका. पत्रात खरं काम लिहून घ्या. माझ्या मते अख्ख्या फाइलमधला सगळ्यात महत्त्वाचा कागद तोच.

बाकी कागद नेहमीचे: गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतीनंतर तीन महिने चालेल असा आणि दोन कोरी पानं असलेला पासपोर्ट, इथल्या कंपनीचं पत्र, पगाराच्या स्लिपा, बँक स्टेटमेंट, किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा. फी ९० युरो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निर्णयाला साधारण १५ दिवस, कधी ४५ सुद्धा.

दिवस मोजताना भलेभले चुकतात. नियम आहे कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांचा, आणि उतरल्याचा व निघाल्याचा दिवसही त्यात धरतात. समजा, १ जानेवारी ते १ मार्च २०२६ तिथे होतात: ६० दिवस झाले. पुन्हा १ एप्रिलला गेलात तर ३० एप्रिलला निघायलाच हवं, आणि पुढचा प्रवेश ३० जूनच्या आधी नाही. ऑक्टोबर २०२५ पासून ही नोंद शिक्क्यांऐवजी संगणकावर ठेवायला सुरुवात झाली आहे, त्यामुळे एका दिवसाची चूकही दिसते.

नोकरीच लागली असेल तर जर्मनीचा राष्ट्रीय, म्हणजे दीर्घ मुक्कामाचा व्हिसा घ्यायचा, फी ७५ युरो. पदवीधरांना ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षितांसाठीचा राहण्याचा आणि नोकरीचा परवाना, सोयीचं. २०२५ साठी वार्षिक पगाराची अट ४८,३०० युरो होती. आयटी, अभियांत्रिकीसारख्या मनुष्यबळ कमी असलेल्या क्षेत्रांत ती कमी असते. हा आकडा दरवर्षी बदलतो, म्हणून करारावर सही करण्याआधी चालू वर्षाचा बघा. आपलं विद्यापीठ आणि पदवी ‘अनाबिन’ या जर्मन यादीत मान्य आहे का, तेही आधीच तपासा. नसेल तर पदवीचं मूल्यमापन करून घ्यावं लागतं आणि त्यात आठवडे जातात. ब्लू कार्डवर जोडीदाराला जर्मन भाषेची परीक्षा द्यावी लागत नाही, हा मोठा दिलासा.

अर्ज नाकारला गेला तर पूर्वी दूतावासाकडेच फेरविचार मागता यायचा. १ जुलै २०२५ पासून ती सोय बंद झाली. आता नवा अर्ज करायचा, नाहीतर बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात जायचं.