फँटसी आरपीजी आणि वास्तव: हिट पॉइंटांच्या वादाची पार्श्वभूमी

फँटसी आरपीजी म्हणजे काल्पनिक जगातले पात्र होऊन टेबलाभोवती फाशांनी खेळायचा खेळ. ड्रॅगन असलेल्या अशा खेळात वास्तवाचा आग्रह कशाला, असा प्रश्न दर पिढीतले खेळाडू नव्याने विचारतात. वाद मात्र ड्रॅगनवरून कधीच झाला नाही. उंचावरून पडलेल्या माणसाचे काय होते, पाठीवर किती ओझे पेलते, जखम भरायला किती दिवस लागतात, यावरून तो झाला. त्यातही सगळ्यात जास्त शाई खर्ची पडली ती जखमेवर, म्हणजे पात्र किती मार सोसू शकते हे मोजणाऱ्या हिट पॉइंट या आकड्यावर.

या वादाची मुळे युद्धखेळांत आहेत. प्रशियात १८२४ मध्ये छापलेल्या क्रीगश्पीलमध्ये हानी ठरवायला फासे आणि कोष्टके होती. हे काम फार किचकट वाटल्याने १८७० च्या दशकात कोष्टके बाजूला ठेवून अनुभवी पंचाच्या निर्णयावर खेळ चालवावा, असे मानणारा पंथ निघाला.

१९७४ च्या डंजन्स अँड ड्रॅगन्स या आरपीजीमध्ये वास्तव जेमतेम होते. खंजीर असो वा दोन हातांनी पेलायची तलवार, घावाला सहा बाजूंचा एकच फासा. १९७५ च्या एका पुरवणीने शस्त्रागणिक वेगळे फासे आणले. त्याच वर्षीच्या दुसऱ्या पुरवणीने शरीराच्या कोणत्या भागाला मार बसला हे मोजायची सोय दिली. पहिली सुधारणा कायमची टिकली, दुसरी त्या खेळात रुजली नाही. वेगळ्या फाशांमुळे शस्त्र निवडण्याला अर्थ आला आणि लढाई लांबलीही नाही. अवयव मोजायचे तर प्रत्येक घावाला आणखी एक फासा आणि आणखी एक नोंद.

तरीही पुढचे दशक वास्तववाद्यांचे होते. चिव्हलरी अँड सॉर्सरी (१९७७) सरंजामी समाजाचे बारकावे घेऊन आला. रूनक्वेस्टमध्ये (१९७८) चिलखत मार शोषून घेते, हातापायांचे हिशेब वेगळे राहतात आणि हिट पॉइंट अनुभवाबरोबर फुगत नाहीत. मुरलेल्या योद्ध्याचा पायही एका साध्या भालाईताच्या नशिबाने निकामी होऊ शकतो. म्हणून रूनक्वेस्टचे खेळाडू तलवार उपसण्याआधी बोलणी करून पाहतात, वेळ आली तर पळतात. माझ्या मते हा त्या काळातला सर्वात यशस्वी वास्तववाद, कारण त्याने खेळाडूंचे वागणे बदलले. १९८० पासून आलेल्या रोलमास्टरच्या पुस्तकांत प्रत्येक शस्त्राला स्वतंत्र कोष्टक आणि चिलखताचे वीस प्रकार होते. त्याची खूप टिंगल झाली, पण हाड मोडल्याचे, शुद्ध हरपल्याचे ते निकाल मोठ्याने वाचून दाखवण्यात टेबलाला अस्सल आनंद मिळे, हेही नोंदवायला हवे.

याच सुमारास डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या प्रगत आवृत्तीतही शस्त्र विरुद्ध चिलखत असे भलेमोठे कोष्टक आले. बऱ्याच टेबलांनी ते वापरलेच नाही. १९७९ च्या डंजन मास्टरच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्याच्या, मार्गदर्शिकेत तर लेखकाने स्वच्छच लिहिले, की मध्ययुगीन युद्धाचे प्रतिबिंब म्हणून पाहिले तर हा खेळ पार फसलेला आहे आणि त्याचा हेतू करमणूक हा आहे. नेमका वर्मी बसलेला घाव दुप्पट धरायलाही त्याने नकार दिला. तो नियम राक्षसांनाही लागू झाला असता, आणि राक्षस एका लढाईपुरता असतो, तर खेळाडूचे पात्र अशा शेकडो घावांसमोर उभे राहते.

आता खरा गुंता. हिट पॉइंट म्हणजे नेमके काय? १९७८ च्या खेळाडूंच्या पुस्तिकेत हिशेब दिला आहे: साधा शिपाई साधारण ५ हिट पॉइंटांत मरतो, तर दहाव्या लेव्हलच्या, म्हणजे अनुभवाची दहावी पायरी गाठलेल्या, दणकट योद्ध्याचे ८५ म्हणजे चार मोठ्या युद्धाश्वांइतके. एक माणूस एवढा मार खातो हे मानणे हास्यास्पद, असे पुस्तिकाच म्हणते. म्हणून व्याख्या अशी केली, की त्यातला थोडा भाग शरीराचा. उरलेला कौशल्याचा, नशिबाचा, दैवी कृपेचा.

ऐकायला ठीक आहे, पण बाकीचे नियम ती व्याख्या पाळत नाहीत. विषारी नांगीचा घाव निव्वळ नशिबावर निभावला असेल तर विष अंगात भिनते कसे? दर दहा फुटांना सहा बाजूंचा एक फासा या नियमाने दोनशे फुटांवरून पडल्यास सरासरी ७० चा मार बसतो, आणि ८५ वाला उठून चालू लागतो. जखमा भरणारा पहिल्या पायरीचा मंत्र मरणासन्न शिपायाला ठणठणीत करतो, तोच नायकाच्या ओरखड्यालाही पुरत नाही. विश्रांतीने दिवसाला एक पॉइंट परत येतो. म्हणजे ज्याच्याकडे नशीब आणि कौशल्य जास्त, तोच जास्त दिवस अंथरुणाला खिळणार. चार आठवडे सलग विश्रांती घेतली की सगळे भरून येते, अशी सवलत द्यावी लागली ती यामुळेच.

२००० च्या आवृत्तीने दिवसाच्या विश्रांतीला लेव्हलइतके पॉइंट देऊन ही विसंगती थोडी सौम्य केली. २००८ च्या आवृत्तीने घाव मुळावरच घातला. सहा तास झोपले की सगळे पॉइंट परत. उपचाराचे माप प्रत्येकाच्या एकूण पॉइंटांच्या चौथ्या हिश्श्यावर बांधले. वॉरलॉर्ड हा नवा क्लास, म्हणजे पात्राचा पेशा, साथीदाराला नुसत्या धीराच्या शब्दांनी उभे करू लागला. त्यावर ओरड झाली, की ओरडून जखमा भरतात का? पात्राला ठाऊक नसलेले हिशेब खेळाडू करत बसतात, असाही आक्षेप आला आणि तो बऱ्याच अंशी खरा होता. दिवसातून एकदाच जमणारा तलवारीचा डाव पात्राला दुसऱ्यांदा का जमत नाही, याचे उत्तर नियमांत नव्हते.

पण उपचारांच्या बाबतीत ही टीका अन्यायाची होती. हिट पॉइंटांत कौशल्य आणि नशीब आहे, असे तीस वर्षे छापून आल्यावर धीराच्या शब्दांनी ते परत येणे हे त्या व्याख्येशी इमान राखणारेच होते. चौथ्या हिश्श्याच्या मापाने तर शिपाई आणि नायक यांच्यातली ती जुनी विषमता पहिल्यांदाच मिटली. वाचकांना खटकले ते त्या पानांचे कोरडे, तांत्रिक रूप.

२०१४ च्या आवृत्तीने माघार घेतली, तीही अर्धीच. वॉरलॉर्ड क्लास गेला, चौथ्या हिश्श्याचे माप गेले, एका रात्रीत सगळे भरून येणे मात्र राहिले. नाराजांसाठी मार्गदर्शिकेत एक ऐच्छिक नियम दिला: छोटी विश्रांती आठ तासांची, आणि सगळे भरून येते ती मोठी सात दिवसांची. त्याच्या नावात रखरखीत वास्तव आहे. प्रत्यक्षात तो मोहिमेचा वेग बदलतो, जखमेबद्दल काहीच सांगत नाही.

दरम्यान इतर रचनाकारांनी वास्तव दुसरीकडे हलवले. टॉर्चबेअररने (२०१३) उजेड, भूक आणि सामानाच्या जागा हाच खेळ केला. शॅडोडार्कमध्ये (२०२३) मशाल घड्याळाच्या खऱ्या तासाभरात विझते. पौंडांची बेरीज न करताही ओझ्याची चिंता टिकते, कारण दोर घ्यायचा की सोने, हे टेबलावर ठरवावेच लागते.

जखमेचा प्रश्न मात्र जागच्या जागी आहे. २०२४ च्या सुधारित नियमांनी मोठ्या विश्रांतीत वापरलेले सगळे हिट डाइसही, म्हणजे छोट्या विश्रांतीत पॉइंट परत मिळवायचे फासेही, परत दिले आणि जखमा भरणाऱ्या त्या जुन्या मंत्राचे फासे दुप्पट केले. आकडा वाढला, पण तो अजूनही समोरच्याचे एकूण पॉइंट किती हे पाहत नाही. शिपाई त्याने पूर्ण बरा होतो, नायक तसाच कण्हत राहतो.