कॅसलटन टॉवर

अमेरिकेच्या यूटा राज्यात, मोआब गावाजवळच्या कॅसल व्हॅलीत उभा असलेला लाल वालुकाश्माचा सुळका. ‘कॅसल रॉक’ हेही याचेच नाव. मुरमाड, घसरड्या उताराचा सुमारे ३०० मीटर उंचीचा शंकू आणि त्यावर चारी बाजूंनी ताशीव असा १२० मीटरचा खांब, अशी याची ठेवण आहे. माथा समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० मीटरवर.

खांबाचा खडक विंगेट वालुकाश्माचा. साधारण २० कोटी वर्षांपूर्वी वाऱ्याने रचलेल्या वाळूच्या टेकड्या घट्ट होऊन तो बनला. पायथ्याचे थर मात्र मऊ आहेत. ते झिजले की वरच्या खडकाचा आधार जातो आणि उभ्या भेगांवरून तुकडे सुटतात; कडे इतके सरळ राहिले ते यामुळेच.

लेटन कोर आणि हंटली इंगल्स या अमेरिकी गिर्यारोहकांनी सप्टेंबर १९६१ मध्ये दक्षिणेकडच्या भेगांमधून पहिली चढाई केली. ‘कोर-इंगल्स’ नावाने ओळखली जाणारी ही वाट आज ५.९ श्रेणीची (अमेरिकी काठिण्यमापनानुसार) मानतात. तिची खरी परीक्षा तिसऱ्या टप्प्यात आहे. तिथली भेग मुठीला फार रुंद आणि अंग पुरते आत घालायला अरुंद. खांदा, कोपर, गुडघा रेटत इंचाइंचाने वर सरकावे लागते. त्यात खडकावर कॅल्साइट या खनिजाचा पांढरा, गुळगुळीत लेप. त्या काळच्या साधनांनिशी ही जागा चढून जाणे, हे कोरच्या धाडसाचे खरे माप आहे. १९६२ मध्ये याच जोडीने जॉर्ज हर्ली यांच्यासह जवळच्या फिशर टॉवर्स या सुळक्यांच्या समूहातला ‘टायटन’ सुळका सर केला. कॅसलटनची ‘नॉर्थ चिमणी’ (चिमणी म्हणजे अंग मावेल एवढी रुंद उभी भेग) ही वाट १९७० ची.

हवा कोरड्या वाळवंटाची. वर्षाचा पाऊस जेमतेम २०–२५ सेंटिमीटर. मोआबला जुलैत पारा ३७ अंश सेल्सिअसच्या वर जातो, तर हिवाळ्यात रात्री गोठणबिंदूखाली उतरतो. चढाईचा हंगाम म्हणून वसंत आणि शरद. उन्हाळ्यात चढायचेच असेल, तर उत्तरेच्या सावलीतल्या वाटा बऱ्या. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात दुपारी गडगडाटी वादळे येतात आणि उघड्या माथ्यावर विजेचा धोका मोठा असतो.

पाऊस थांबला म्हणजे धोका टळला, असे इथे नाही. सह्याद्रीतला बसाल्ट भिजला की निसरडा होतो. हा वालुकाश्म भिजला की आतून कमकुवत होतो. वरून सुकलेला दिसला तरी ओल आत मुरलेली असते. अशा वेळी पकड हातात तुटून येते, पडल्यास दोर रोखण्यासाठी भेगेत अडकवलेले साधन खडक फोडून निसटते. म्हणून चांगल्या पावसानंतर निदान दोन-तीन दिवस थांबावे. यात गिर्यारोहकाच्या जिवाइतकाच त्या वाटेचाही प्रश्न असतो, कारण तुटलेली कड पुन्हा उगवत नाही.

२०१८ मध्ये यूटा विद्यापीठाच्या संशोधकांसाठी गिर्यारोहकांनी कंपनमापक यंत्र माथ्यावर नेले. वारा आणि जमिनीतल्या बारीक हादऱ्यांनी हा सुळका सतत डोलत असतो, साधारण सेकंदाला एक हेलकावा या लयीत. डोळ्यांना मात्र तो हलताना दिसत नाही.