होडीचा फोटो, पेन्सिलीची रेघ आणि एक भागाकार

किनाऱ्याला लागलेली लाल होडी, मागे निळसर पाणी, डोलकाठीवरून खाली आलेले दोर. अशा फोटोचं पेन्सिल-स्केच करायची कृती फोटोशॉपमध्ये किंवा फुकट मिळणाऱ्या गिंपमध्ये सारखीच आहे. फोटो कृष्णधवल करायचा, त्या लेयरची (चित्राच्या थराची) प्रत काढायची, प्रत इन्व्हर्ट करायची (काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं) आणि तिचा मोड, म्हणजे खालच्या लेयरशी मिसळायची पद्धत, 'कलर डॉज' (गिंपमध्ये नुसतं 'डॉज') ठेवायचा. पडदा जवळजवळ कोरा होतो. घाबरू नका, प्रतीला गॉसियन ब्लर (चित्र धूसर करणारा फिल्टर) दिला की रेघा उमटू लागतात.

डॉज हा शब्द डार्करूममधला. प्रिंट काढताना कागदाच्या एखाद्या भागावर हात किंवा पुठ्ठा धरून प्रकाश अडवला की तो भाग उजळ राहायचा. संगणक मात्र इथे चक्क भागाकार करतो. प्रत उलटी आणि धूसर असल्यामुळे हिशेब असा होतो: पिक्सेलची उजळता भागिले आजूबाजूची सरासरी उजळता, गुणिले २५५ (उजळता ० म्हणजे काळा ते २५५ म्हणजे पांढरा अशी मोजतात). सपाट आकाशात पिक्सेल २००, सरासरीही २००, म्हणून उत्तर २५५, म्हणजे कोरा कागद. फळ्यांच्या सांध्यात पिक्सेल १०० आणि सरासरी २०० असेल तर उत्तर साधारण १२८, म्हणजे करडी रेघ. पिक्सेल सरासरीपेक्षा उजळ असेल तर उत्तर २५५ च्या पुढे जातं आणि तिथेच कापलं जातं. त्यामुळे रेघ नेहमी कडेच्या काळ्या बाजूला पडते.

बहुतेक बिघाड या भागाकारातूनच येतात. उजेडात २१० ला २२० ने भागलं तर २४३ येतात, डोळ्याला दिसतही नाही. सावलीत ३० ला ४० ने भागलं की १९१. फरक दोन्हीकडे दहाचाच. म्हणून होडीच्या डांबर फासलेल्या बुडाशी कॅमेऱ्याचा बारीक नॉइज (फोटोत येणारे नको असलेले ठिपके) काजळीसारखा उठतो. आधी नॉइज कमी करा आणि 'कर्व्ह्ज' या उजळता बदलायच्या सोयीने सावल्या थोड्या उचला. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो तर घेऊच नका. दाबून लहान केलेल्या जेपीइजी फाइलचे ८×८ पिक्सेलचे चौकोन आकाशात फरशीसारखे दिसतात.

दुसरी गोची रंगांची. कृष्णधवल करताना सहसा लाल ०.२९९, हिरवा ०.५८७ आणि निळा ०.११४ या प्रमाणात मिसळतात. होडी (२००, ४०, ४०) आणि पाणी (४०, १००, १४०) धरा: एकीची उजळता ८८, दुसऱ्याची ८७. डोळ्याला उठून दिसणारी होडी स्केचमध्ये पाण्यात विरघळून जाते! चॅनल मिक्सरमध्ये फक्त लाल चॅनल घेतला की २०० विरुद्ध ४०, आणि काठ ठसठशीत उमटतो.

ब्लरची त्रिज्या म्हणजे पेन्सिलीचं टोक. २००० पिक्सेल रुंद फोटोला ३ ते ५ मध्ये बारीक रेघ, २० ते ३० मध्ये कोळशासारखी छटा. फोटो दुप्पट मोठा असेल तर आकडाही दुप्पट.

सगळ्यात जास्त वेळ पाण्यावर जातो, आणि तो द्यावा. प्रत्येक लाटेला काळी बाजू असते, त्यामुळे पाणी गिचमिड होतं. दुपारच्या उन्हातल्या कडक सावल्यांचंही तेच: सावलीची कड आणि फळीची कड यांतला फरक प्रोग्रामला कळत नाही, म्हणून ढगाळ दिवसाचा फोटो बरा. हाताने काढणारा चित्रकार पाण्याच्या चार रेघा ओढून थांबतो. ते थांबणं आपल्यालाच करावं लागतं. सर्वांत वर एक पांढरा लेयर ठेवा, त्याला काळा मास्क (काळं असेल तिथे लेयर लपवणारा, पांढरं असेल तिथे दाखवणारा पडदा) द्या आणि ३० टक्के अपारदर्शकतेच्या मऊ, पांढऱ्या ब्रशने मास्कवर पाण्याच्या जागी फिरवत जा. होडीचं बूड पाण्याला टेकतं तिथल्या रेघा मात्र राहू द्या, नाहीतर होडी हवेत तरंगते.

शेवटी लेव्हल्समध्ये काळी खूण १०० ते १५० पर्यंत सरकवली की रेघ गडद होते. थोडा रंग हवा असेल तर मूळ फोटो वर ठेवून 'कलर' मोड लावायचा मोह होतो, पण तो मोड उजळता खालच्या लेयरची घेतो. पांढऱ्यावर काहीच चढत नाही. 'मल्टिप्लाय' लावा, २५ टक्क्यांवर. छापायचं असेल तर ए-४ साठी ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) २४८० × ३५०८ पिक्सेल लागतात. तिथे एका पिक्सेलची रेघ ०.०८५ मिलिमीटर भरते, म्हणजे पडद्यावर दिसणारे दोर कागदावर हरवायचे. त्रिज्या एखाददोन पिक्सेलने वाढवूनच फाइल पाठवा.