आयफ्रेमचे जावास्क्रिप्ट-नियंत्रण

एका वेबपानात चौकट पाडून तिच्यात दुसरे, स्वतंत्र वेबपान उघडण्याच्या सोयीला आयफ्रेम म्हणतात. बातमीखालचा यूट्यूब व्हिडिओ, लग्नाच्या हॉलच्या पत्त्याखालचा गूगल नकाशा, कार्डाने पैसे भरताना ओटीपी विचारणारी बँकेची खिडकी ही तिची रोजची रूपे. चौकट दिसते पानाचाच भाग. पण तिची विंडो वेगळी, डॉक्युमेंट (पानाचा मजकूर आणि रचना) वेगळे आणि त्यात चालणारे जावास्क्रिप्ट, म्हणजे ब्राउझरात चालणाऱ्या भाषेतला प्रोग्रॅमही, वेगळे. बाहेरच्या पानातून या आतल्या पानाचा पत्ता बदलणे, उंची ठरवणे, मजकूर वाचणे, निरोप धाडणे आणि हे सगळे क्रोम, सफारी, फायरफॉक्स, एज अशा सर्व ब्राउझरांत बिनबोभाट चालवणे हे वेब प्रोग्रॅमरचे जुने आणि कटकटीचे काम आहे. पूर्वी कटकट होती ती ब्राउझरागणिक बदलणाऱ्या नावांची आणि सवयींची. आता नावे जुळली आहेत. आतल्या पानाला काय करू द्यायचे, याबाबतची ब्राउझरांची धोरणे जुळलेली नाहीत.

पूर्वपीठिका : फ्रेम आणि जावास्क्रिप्ट ही दोन्ही नेटस्केप नॅव्हिगेटर २.० या एकाच आवृत्तीतून १९९६ मध्ये लोकांपुढे आली. त्यामुळे स्क्रिप्टने चालवायच्या पहिल्यावहिल्या गोष्टींत फ्रेम होत्या. त्या फ्रेमसेटच्या, म्हणजे अख्ख्या पानाचे तुकडे करणाऱ्या फ्रेम. मजकुराच्या मध्येच बसणारी आयफ्रेम मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोरर ३ मध्ये आणली. डिसेंबर १९९७ च्या एचटीएमएल ४.० ने दोन्ही मान्य केल्या, पण नेटस्केप ४ ला आयफ्रेम कळतच नसे. त्याची लेयर आणि आयलेयर ही स्वतःची चूल होती. २०१४ च्या एचटीएमएल ५ ने फ्रेमसेट मोडीत काढला, आयफ्रेम ठेवली.

विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी मुंबईसह मोजक्या शहरांत सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट खुले केले. मोडेम आणि टेलिफोनच्या तारेच्या त्या काळात फ्रेमचा मोठा फायदा असा, की डावीकडचा मेनू एकदाच उतरे आणि पुढे फक्त उजवी बाजू बदले. मराठी संकेतस्थळांना आणखी एक पेच होता. युनिकोड रुळण्यापूर्वी दैनिके आपापल्या खास फॉन्टवर चालत. पानाबरोबर फॉन्ट उतरवायचा, तर एक्सप्लोररला ईओटी फाइल लागे आणि नेटस्केपला पीएफआर. म्हणून आधी ब्राउझर कोणता ते ओळखायचे आणि मगच अक्षरे दाखवायची, अशी कसरत असे. ‘हे पान इंटरनेट एक्सप्लोररमध्येच पाहावे’ ही तळटीप तेव्हाच्या वाचकांना आठवत असेल.

चौकटीपर्यंत पोहोचणे : पानातल्या आयफ्रेमचा घटक हातात आला, की त्याच्या आतले डॉक्युमेंट मिळवायचे. प्रमाण डीओएममध्ये, म्हणजे पानाचे घटक स्क्रिप्टला हाताळू देणाऱ्या ठरलेल्या रचनेत, यासाठी कंटेंटडॉक्युमेंट हा गुणधर्म आहे. एक्सप्लोररने तो आठव्या आवृत्तीपर्यंत दिला नाही; त्याच्याकडे ५.५ पासून कंटेंटविंडो होती. त्यामुळे ‘कंटेंटडॉक्युमेंट असेल तर ते, नसेल तर कंटेंटविंडोच्या आतले डॉक्युमेंट’ ही एक ओळ वर्षानुवर्षे प्रत्येक प्रकल्पात दिसे. डॉक्युमेंट डॉट फ्रेम्स हा खास एक्सप्लोररचा प्रकार. विंडो डॉट फ्रेम्स मात्र सगळीकडे चाले. जावास्क्रिप्टने नव्याने बनवलेल्या आयफ्रेमला ऑनलोड, म्हणजे पान उतरल्यावर करायचे काम, चिकटवले, तर नवव्या आवृत्तीआधीचा एक्सप्लोरर ते सरळ गिळून टाकी. तिथे अटॅचइव्हेंट ही एक्सप्लोररची स्वतःची पद्धतच हवी.

यातला सर्वांत वैतागवाणा प्रकार नावाचा. पानातून न हलता फाइल चढवायची, तर त्या काळी नेहमीची वाट ही होती. एक अदृश्य आयफ्रेम तयार करायची, तिला नाव द्यायचे, फॉर्मचे टार्गेट त्या नावावर लावायचे आणि सर्व्हरचे उत्तर चौकटीत उतरले की वाचायचे. एक्सप्लोरर ६ आणि ७ मध्ये हे नाव जावास्क्रिप्टने मागाहून दिले, तर ब्राउझर ते धरतच नसे. फॉर्म पाठवला की उत्तर चौकटीत न येता भलत्याच नव्या विंडोत उघडे. त्यावर उतारा असा, की घटक बनवणाऱ्या क्रिएटएलिमेंटला नुसते ‘आयफ्रेम’ न सांगता नावासकट अख्खा टॅग मजकूर म्हणून द्यायचा. बाकीचे ब्राउझर यावर चूक दाखवत, म्हणून पुन्हा दोन वाटा. फाइल चढवण्याचे काम पुढे एक्सएमएलएचटीटीपी रिक्वेस्ट या, पान न बदलता सर्व्हरशी बोलणाऱ्या सोयीच्या दुसऱ्या पिढीने उचलले आणि हा अदृश्य चौकटीचा धंदा बसला.

फायरफॉक्सची खोड वेगळी. रिकामी आयफ्रेम पानात घातल्याबरोबर क्रोममध्ये तिचे कोरे पान तयार असते आणि त्यात लगेच लिहिता येते. फायरफॉक्स अनेक वर्षे ते कोरे पान थोड्या वेळाने पुन्हा नव्याने बसवत असे; मधल्या क्षणात लिहिलेला मजकूर गायब. म्हणून लोड घटनेची, म्हणजे पान उतरल्याच्या सूचनेची, वाट पाहूनच लिहिणे बरे. अर्थात लोड घटनेवरही पूर्ण भरवसा नको. कुर्ला-सायनच्या मध्ये नेटवर्क गेले आणि चौकटीत ‘पान उघडले नाही’ असा ब्राउझरचा स्वतःचा संदेश आला, तरी क्रोममध्ये लोड घटना घडतेच. पान दुसऱ्या डोमेनचे असेल, तर आत काय उतरले ते बाहेरून पाहता येत नाही. आतल्या पानानेच ‘मी तयार’ असा निरोप पाठवावा आणि तो ठरावीक वेळात आला नाही तर बिघाड समजावा, हा एकच खात्रीचा मार्ग.

पत्ता बदलताना बहुतेक जण आयफ्रेमचा एसआरसी (पत्त्याचा गुणधर्म) बदलतात. त्याने ब्राउझरच्या इतिहासात एक नोंद वाढते. वाचक मागे जाण्याचे बटण दाबतो, आतली चौकट मागे जाते आणि बाहेरचे पान जागचे हलत नाही. आतल्या विंडोच्या लोकेशनवर रिप्लेस वापरले, की हे टळते.

ओरिजिनची भिंत : पत्त्यातली स्कीम (एचटीटीपी वगैरे), होस्ट (डोमेन) आणि पोर्ट (सर्व्हरच्या दाराचा क्रमांक) हे तिन्ही जुळले तरच दोन पाने एका ओरिजिनची, म्हणजे एका मुळाची. एचटीटीपी आणि एचटीटीपीएस वेगळे, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावलेला आणि न लावलेला पत्ताही वेगळा. ओरिजिन निराळे असेल, तर कंटेंटडॉक्युमेंट नल (रिकामे) मिळते. कंटेंटविंडो मिळते, पण तिच्यातल्या डॉक्युमेंटला हात लावताच सिक्युरिटी एरर. मोकळ्या राहतात मोजक्या गोष्टी : लोकेशन बदलता येते पण वाचता येत नाही, फोकस देता येतो, पॅरेंट आणि टॉप दिसतात, आतल्या फ्रेम मोजता येतात आणि पोस्टमेसेजने निरोप धाडता येतो. एकाच संस्थेच्या दोन सबडोमेनना जवळ आणण्यासाठी दोन्ही पानांत डॉक्युमेंट डॉट डोमेन सारखे करण्याची पळवाट होती. ती सुरक्षेला भगदाड पाडणारी म्हणून टाकाऊ ठरवली गेली असून नव्या कामात वापरू नये.

पोस्टमेसेज येण्यापूर्वी दोन ओरिजिन एकमेकांशी पत्त्याच्या शेपटातून बोलत. बाहेरचे पान चौकटीच्या पत्त्यापुढे हॅश चिन्ह लावून त्यामागे निरोप जोडी. हॅश बदलला तरी पान पुन्हा उतरत नाही, आणि आतले पान सेकंदात अनेकदा तो हॅश तपासत बसे. इंग्रजीत हे निभावे. देवनागरी मात्र पत्त्यात फुगते. ‘मुंबई’ या शब्दात युनिकोडची पाच चिन्हे. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकाचे तीन बाइट आणि टक्के-चिन्हाच्या लिपीत प्रत्येक बाइटची तीन अक्षरे, म्हणजे एकूण ४५. एक्सप्लोररच्या पत्त्याची मर्यादा २,०८३ अक्षरांची. एक मध्यम लांबीचा मराठी परिच्छेद तुकडे करूनच पाठवावा लागे. त्यातही फायरफॉक्स बरीच वर्षे लोकेशनचा हॅश वाचताना टक्के-चिन्हे स्वतःच उलगडून देई आणि बाकीचे ब्राउझर जसाच्या तसा देत. दोनदा उलगडलेल्या मजकुरात टक्क्याचे चिन्ह असले, की कोड तिथेच कोसळे.

पोस्टमेसेज : फायरफॉक्स ३ ने २००८ मध्ये आणि एक्सप्लोरर ८ ने २००९ मध्ये ही सोय दिली आणि वरचा सारा खटाटोप संपला. एक्सप्लोरर ८ आणि ९ मध्ये फक्त मजकूर पाठवता येई, म्हणून ऑब्जेक्ट जेसन या मजकुरी रूपात बांधून पाठवायची सवय पडली. ती आजही अनेक कोडमध्ये विनाकारण टिकून आहे. पाठवताना दुसऱ्या बाजूचे ओरिजिन नेमके लिहावे. तिथे ‘कोणीही चालेल’ अशा अर्थाचे तारांकन टाकले, तर मधल्या मध्ये चौकटीत दुसरेच पान आलेले असले तरी निरोप त्याच्या हाती पडतो. घेणाऱ्यानेही आलेल्या निरोपाचे (इव्हेंटचे) ओरिजिन अक्षरशः जुळवून पाहावे. ‘पत्त्यात आपले नाव कुठेतरी आहे का’ असे पाहणारी तपासणी कुचकामी, कारण आपल्या नावापुढे स्वतःचे डोमेन जोडून कोणीही तसा पत्ता घेऊ शकतो. एकाच ओरिजिनच्या पानांतही थेट आत हात घालण्यापेक्षा निरोपानेच बोलावे, असे प्रस्तुत नोंदलेखकाचे मत आहे. आतले पान उद्या दुसऱ्या डोमेनवर गेले, तरी काही मोडत नाही.

उंची जुळवणे हे याचे रोजचे उदाहरण. आतल्या पानाने आकार बदलला की कळवणारा रिसाइझऑब्झर्व्हर लावून आपली उंची बाहेर कळवायची आणि बाहेरच्याने चौकट तेवढी करायची. आतल्या पानाची उंची विंडोच्या उंचीवर बेतलेली असली आणि वर थोडी जादा जागा सोडलेली असली, तर चौकट वाढली की पान वाढते, पान वाढले की चौकट वाढते, आणि हे थांबत नाही. देवनागरीत आणखी एक खाच आहे. वेबफॉन्ट उशिरा उतरला, की ओळींची उंची आणि शब्दांची रुंदी बदलते, परिच्छेद एखाद्या ओळीने वाढतो आणि लोडच्या वेळी मोजलेली चौकट शेवटची ओळ कापून टाकते. फॉन्ट तयार झाल्यावर पुन्हा मोजावे. जुन्या आयफोनवर तर सफारी दिलेली उंची धाब्यावर बसवून चौकट मजकुराएवढी ताणत असे.

कार्डाची खिडकी : रिझर्व्ह बँकेने ऑनलाइन कार्ड-व्यवहारांसाठी ऑगस्ट २००९ पासून दुसऱ्या टप्प्याची ओळखपडताळणी सक्तीची केली. बँका, विमा कंपन्या आणि पेमेंटची कामे यांची मुंबईत दाटी. त्यामुळे इथल्या प्रोग्रॅमरला आयफ्रेमची खरी ओळख होते ती ओटीपीच्या खिडकीतूनच. या पडताळणीच्या ३-डी सिक्युअर प्रणालीच्या दुसऱ्या आवृत्तीत दोन चौकटी येतात. पहिली अदृश्य; ग्राहकाच्या उपकरणाची माहिती ती बँकेला देते. दुसरी ओटीपीची. तिची मापे ठरलेली : २५० गुणिले ४००, ३९० गुणिले ४००, ५०० गुणिले ६००, ६०० गुणिले ४०० पिक्सेल किंवा पूर्ण पडदा.

ही चौकट बँकेच्या ओरिजिनची. दुकानाच्या पानाला आत डोकावता येत नाही, आणि येऊही नये. मग ओटीपी बरोबर ठरला हे दुकानाला कळते कसे? काम झाले, की बँकेचे पान दुकानाने आधीच देऊन ठेवलेल्या पत्त्यावर फॉर्म पोस्ट करते आणि तो त्याच चौकटीत उघडतो. आता चौकटीत दुकानाचेच पान आहे. ते बाहेरच्या पानाला निरोप देते आणि चौकट मिटते. फेब्रुवारी २०२० पासून क्रोम ८० ने कुकींना (ब्राउझरात साठवलेल्या, ग्राहकाची ओळख ठेवणाऱ्या नोंदींना) सेमसाइट-लॅक्स हा नियम आपोआप लावायला सुरुवात केली. परक्या साइटवरून आलेल्या पोस्टबरोबर अशी कुकी जात नाही. परिणामी पैसे कापले गेलेले, पण परतीच्या पानाला ग्राहक लॉग-आउट झालेला दिसतो. परतीच्या पानाने कुकीवर न विसंबता व्यवहाराच्या क्रमांकावरून काम करावे आणि पैशांची खातरजमा सर्व्हरकडूनच करावी. ब्राउझरने दिलेला ‘झाले’ हा निरोप पडदा बदलण्यापुरता.

कुकींच्या बाबतीत आज ब्राउझर खरोखर वेगळे वागतात. सफारी मार्च २०२० पासून परक्या चौकटीतल्या कुकी सरसकट अडवते. आतल्या पानाला स्टोरेज ॲक्सेस एपीआयने, तेही वापरणाऱ्याच्या क्लिकनंतर, परवानगी मागावी लागते. फायरफॉक्स प्रत्येक बाहेरच्या साइटसाठी कुकींचा वेगळा डबा ठेवतो. क्रोमने अशा कुकी बंद करण्याचा बेत जाहीर केला आणि पुढे सोडून दिला. भारतात आयफोनवरचे क्रोमसुद्धा आतून वेबकिट या सफारीच्याच इंजिनावर चालते, तेव्हा आयफोनवर क्रोममध्ये तपासले म्हणजे क्रोम तपासले असे होत नाही.

बाहेरच्यापासून बचाव : आपले पान दुसऱ्याने पारदर्शक चौकटीत ठेवून त्यातल्या बटणावर नकळत क्लिक करवून घ्यायचे, या क्लृप्तीला रॉबर्ट हॅन्सन आणि जेरेमाया ग्रॉसमन यांनी २००८ मध्ये क्लिकजॅकिंग म्हटले. ‘टॉप मी नसेन तर टॉपचा पत्ता बदल’ ही जावास्क्रिप्टची तटबंदी सँडबॉक्स या, आतल्या पानावर बंधने घालणाऱ्या गुणधर्माने सहज निष्प्रभ होते. आपले पान कोणाच्या चौकटीत चालेल हे ब्राउझरला सांगणारे एक्स-फ्रेम-ऑप्शन्स हेडर किंवा, अधिक चांगले, सीएसपी या सुरक्षा-धोरणाचे फ्रेम-ॲन्सेस्टर्स सर्व्हरने पाठवावे. उलट बाजूने, परके पान आपल्यात बसवताना सँडबॉक्स लावावा. मात्र आतले पान आपल्याच ओरिजिनचे असताना त्यात अलाउ-स्क्रिप्ट्स आणि अलाउ-सेम-ओरिजिन या दोन्ही सवलती एकत्र दिल्या, तर ते स्वतःच सँडबॉक्स काढून टाकू शकते.

इंटरनेट एक्सप्लोरर ११ चा आधार १५ जून २०२२ रोजी संपला. जुन्या अंतर्गत प्रणाली असलेल्या कार्यालयांसाठी एजमधला आयई मोड मात्र किमान २०२९ पर्यंत राहणार आहे, म्हणजे अटॅचइव्हेंट अजून पुरते विसरून चालणार नाही.

आयफ्रेम पानातल्या एका जागेवरून उचलून दुसरीकडे ठेवली, की ती नव्याने लोड होते; चौकटीत चालू असलेला सामन्याचा व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून. २०२५ मध्ये क्रोम १३३ ने मूव्हबिफोर ही पद्धत आणली, तिने चौकटीची स्थिती हलवताना टिकते. ज्या ब्राउझरांत ती नाही, तिथे चौकट मूळ जागीच ठेवून सीएसएसच्या पोझिशन-फिक्स्डने कोपऱ्यात सरकवतात.