चिंबोरी (खाडीतला खेकडा)

चिंबोरी म्हणजे कांदळवनातल्या चिखलात बिळं करून राहणारा मोठा खेकडा, मालवणकडे आणि गोव्यात हिला कुर्ली म्हणतात. शास्त्रीय नाव सिला. आधी सगळ्या एकाच जातीच्या समजायचे लोक, 1998 मध्ये नीट चार जाती वेगळ्या केल्या, त्यातल्या दोन आपल्याकडे मिळतात, मोठी हिरवट ती सिला सेराटा आणि लाल नांग्यांची जरा लहान ती सिला ओलिवेशिया. पाय दहा, पुढचे दोन म्हणजे नांग्या आणि शेवटची जोडी चपटी, वल्ह्यासारखी, पोहायला. पोटाखालची झडप निमुळती असेल तर नर, रुंद गोल असेल तर मादी.

खेकड्याचं कवच वाढत नाही, म्हणून तो ते टाकून देतो आणि आत पाणी भरून फुगतो, मग नवीन कवच कडक होतं. तुटलेली नांगीसुद्धा अशीच कात टाकताना परत येते. मादीने नुकतीच कात टाकलेली असते, मऊ असते, तेव्हाच नर तिच्याशी जुळतो. पुढे ती अंडी घालायला खाडी सोडून खोल समुद्रात जाते, अंडी लाखांत असतात पण जगतात फार थोडी. म्हणून पोटाखाली अंड्यांचा घोस दिसला तर ती मादी सोडूनच द्यावी, हे मी आग्रहाने सांगतोय.

विकत घेताना हातात वजनदार लागते ती भरलेली, हलकी असेल तर नुकतीच कात टाकलेली, आत पाणीच जास्त. नांग्या बांधलेल्याच घ्या, बोट फोडण्याइतकी ताकद असते त्यांच्यात, आणि सुटी धरायचीच वेळ आली तर मागून, वल्ह्याच्या पायांजवळ. घरी आणल्यावर ओल्या गोणपाटात सावलीत ठेवायची, गोड्या पाण्याच्या बादलीत टाकलीत तर मरते. आणि मेलेली, कधी मेली ते माहीत नसलेली चिंबोरी स्वस्त मिळाली तरी घेऊ नका, खेकडा मेल्यावर आत जंतू फार झपाट्याने वाढतात. साफ करण्याआधी बर्फात ठेवून बधिर करा, तिला त्रास कमी होतो आणि तुमची बोटंही वाचतात. वरचं कवच काढल्यावर दोन्ही बाजूंचे पिसांसारखे कल्ले काढून टाका, खाडीची घाण तिथे अडकलेली असते. शिजल्यावर कवच केशरी होतं पण नुसत्या रंगावर जाऊ नका, नांगीतलं मांससुद्धा पांढरं घट्ट व्हायला हवं. ज्यांना कोळंबीची ॲलर्जी आहे त्यांनी रस्सासुद्धा चाखू नये, ॲलर्जी करणारं तेच प्रोटीन खेकड्यातही असतं आणि ते शिजवून जात नाही.