फिंच पक्ष्यांचे फॉस्टरिंग

पाळीव फिंचच्या एका जोडीची अंडी काढून ती दुसऱ्या, बहुधा वेगळ्या जातीच्या जोडीखाली उबवायला ठेवणे आणि निघालेली पिल्ले तिच्याकडूनच वाढवून घेणे, याला पक्षिपालक फॉस्टरिंग म्हणतात. खुडूक कोंबडीखाली बदकाची अंडी ठेवण्याची रीत खेड्यापाड्यांत जुनीच आहे. पण बदकाचे पिल्लू अंड्यातून निघाले की स्वतः टिपू लागते. फिंचचे पिल्लू आंधळे, उघडेबोडके जन्मते आणि कित्येक आठवडे त्याच्या घशात कोणीतरी घास उतरवावा लागतो. त्यामुळे येथे नुसती ऊब देणारा पक्षी पुरत नाही, परक्याला भरवणारा लागतो.

बाजारात फिंच म्हणून मिळणारे झेब्रा, गोल्डियन, बेंगलीज आणि जावा स्पॅरो हे काटेकोर अर्थाने फिंच नव्हेत. ते एस्ट्रिल्डिडी कुळातले, म्हणजे आपल्या मुनियांचे सगेसोयरे आहेत. या कुळात परकी पिल्ले सांभाळण्याचे काम जवळजवळ सगळीकडे बेंगलीजकडे येते. हा पक्षी रानात कुठेच सापडत नाही. पांढऱ्या पाठीची मुनिया (लोन्चुरा स्ट्रिएटा) सह्याद्रीतही दिसते. तिचे पूर्व आशियातले भाऊबंद सुमारे अडीचशे वर्षांपूर्वी चीनमधून जपानात नेले गेले आणि तिथे पिंजऱ्यात पिढ्यानपिढ्या वाढून बेंगलीज तयार झाला. जपानी पालकांनी निवड केली ती पिसांवरच्या पांढऱ्या डागांसाठी आणि पिल्ले नीट वाढवण्याच्या गुणासाठी. गाण्यासाठी कोणी निवड केली नव्हती, तरी या पाळीव नराचे गाणे रानटी मुनियेपेक्षा गुंतागुंतीचे झाले. जपानी संशोधक काझुओ ओकानोया यांनी या कोड्याचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे.

बेंगलीज कमालीचा सोशिक असतो. पिंजऱ्यात डोकावले, अंडी हाताळली तरी तो घरटे सोडत नाही. नर-मादी दिसायला सारखेच. गातो तो नर, एवढीच खात्रीची ओळख. दोन नर एकत्र ठेवले तरी ते अंड्यांवर बसतात आणि पिल्ले वाढवतात. अनेक पालक मुद्दाम अशी नरांची जोडी ठेवतात, म्हणजे तिच्या स्वतःच्या अंड्यांची भर पडत नाही.

फॉस्टरिंगचा सर्वांत मोठा ग्राहक म्हणजे गोल्डियन फिंच. उत्तर ऑस्ट्रेलियातल्या या बहुरंगी पक्ष्याचे वर्णन ब्रिटिश पक्षितज्ज्ञ जॉन गूल्ड यांनी 1844 मध्ये केले आणि दिवंगत पत्नी एलिझाबेथ यांच्या स्मरणार्थ त्याचे नाव ठेवले. 1960 मध्ये ऑस्ट्रेलियाने देशी पक्ष्यांची निर्यात थांबवल्यावर रानातून होणारा पुरवठा आटला. मग बाहेरच्या पालकांना पिंजऱ्यातल्या पैदाशीवरच भिस्त ठेवावी लागली. बेंगलीजखाली अंडी ठेवली की गोल्डियन मादी लगेच पुढची खेप घालते, आणि वर्षाकाठी मिळणारी पिल्ले वाढतात. जपानात हा मार्ग मोठ्या प्रमाणावर वापरला गेला.

प्रत्यक्ष कामात वेळेचा मेळ हीच मुख्य अडचण आहे. मादी रोज एक अशी साधारण चार ते आठ अंडी घालते. रोजचे अंडे उचलून त्या जागी प्लास्टिकचे खोटे अंडे ठेवतात. उचललेली अंडी थंड, पण फ्रिजइतक्या गार नसलेल्या जागी, दिवसातून दोनदा फिरवत काही दिवस ठेवता येतात, कारण ऊब लागेपर्यंत गर्भाची वाढ सुरू होत नाही. सगळी जमली की ती एकाच दिवशी फॉस्टर जोडीखाली जातात आणि पिल्लेही जवळपास एकाच वेळी निघतात. ही जोडी आधीच आपल्या किंवा खोट्या अंड्यांवर पक्की बसलेली असावी लागते. पाचव्या-सहाव्या दिवशी टॉर्चपुढे धरल्यावर तांबड्या शिरांचे जाळे दिसले तर अंडे फलित. अफलित अंडी काढून टाकतात. गोल्डियनची पिल्ले सुमारे पंधरा दिवसांत निघतात. एका जोडीकडे चार-पाच पिल्ले पुरेत. जास्त दिली तर सर्वांत लहान मागे पडते.

गोल्डियनच्या पिल्लाच्या चोचीच्या कोपऱ्यांवर निळसर मणी असतात. ते स्वतः प्रकाशत नाहीत, अंधाऱ्या ढोलीत आलेला थोडासा उजेड परावर्तित करतात. या कुळातल्या प्रत्येक जातीच्या पिल्लाच्या तोंडातली नक्षी वेगळी असते. आफ्रिकेतले विडुआ पक्षी तर एस्ट्रिल्डिडींच्या घरट्यात अंडी घालतात, आणि त्यांच्या पिल्लांनी यजमानाच्या पिल्लांची तोंडातली नक्षीही उचलली आहे. बेंगलीजला मात्र या नक्षीचे सोयरसुतक नसते. उघडे तोंड दिसले की तो भरवतो.

याची किंमत पिल्लू मोठे झाल्यावर कळते. जर्मन संशोधक क्लाउस इमेलमान यांनी बेंगलीजकडे वाढलेले झेब्रा नर पुढे स्वतःच्या जातीच्या माद्यांबरोबर ठेवले. त्यांनी संसार केले, पिल्लेही वाढवली; पण निवडीची संधी देताच ते पुन्हा बेंगलीज मादीपुढे गाऊ लागले. गाणेही ते भरवणाऱ्या नराचेच शिकतात. म्हणून पिल्ले स्वतः खाऊ लागली की त्यांना लगेच स्वजातीच्या थव्यात हलवावे असा सल्ला देतात. त्याने नुकसान कमी होते, पण पहिले काही आठवडे पुसले जात नाहीत.

दुसरा धोका रोगाचा. कोक्लोसोमा नावाचा आतड्यातला एकपेशीय परजीवी बेंगलीजच्या अंगात लक्षणांशिवाय राहू शकतो, पण त्याने भरवलेली गोल्डियन पिल्ले वाळत जाऊन मरतात. फॉस्टर जोडीची विष्ठा आधी पशुवैद्याकडून तपासून घेणे हा टाळू नये असा खर्च आहे.

गोल्डियन मुळातच वाईट आई-बाप, हा समज या धंद्याने पसरवला आणि बऱ्याच अंशी त्यानेच खरा केला. रानात हा पक्षी निलगिरीच्या ढोलीत स्वतःची पिल्ले व्यवस्थित वाढवतो. पिंजऱ्यात अंडी सोडून देणारी जोडी सहसा वर्षाच्या आतली असते किंवा सतत त्रास दिलेली. तिची अंडी बेंगलीजने वाढवली तर खरोखर बेफिकीर असलेल्या पक्ष्यांचा वंशही पुढे चालू राहतो. मादी मेली, पिल्ले घरट्याबाहेर फेकली गेली, अशा वेळी फॉस्टरिंग हवेच. रोजचा रिवाज म्हणून ते समर्थनीय वाटत नाही.

महाराष्ट्रात झेब्रा आणि बेंगलीज सर्रास पाळले जातात, गोल्डियन हौशी मंडळींकडे. पिंजऱ्याला टांगलेली आडव्या तोंडाची मडकी, आत काथ्या किंवा सुके गवत, खायला राळा आणि बाजरी, कॅल्शियमसाठी समुद्रफेस, एवढ्यावर बेंगलीजचे भागते. देशी मुनिया मात्र दाई म्हणूनही ठेवता येत नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिला पकडणे व विकणे गुन्हा आहे, आणि परदेशी म्हणून विकल्या जाणाऱ्या भडक रंगाच्या पक्ष्यांत रंगवलेल्या मुनिया असू शकतात. जावा स्पॅरो साइट्स (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील) कराराच्या परिशिष्टात असल्याने पाळणाऱ्याला त्याची नोंदणीही करावी लागते.